सांबरशिंगाची मूठ: शेफील्डचा कारागीर आणि गावगाड्याचा बलुतेदार

जात म्हणजे आपल्याकडचे गिल्ड, असा एक युक्तिवाद हल्ली फार जोरात चालतो. युरोपात कारागिरांचे संघ होते, तसे आपल्याकडे जातींचे संघ होते. बापाची कला मुलाकडे जायची म्हणून कौशल्य टिकायचे. पुढे इंग्रजांनी जनगणना केली आणि भांडणे लावली, अशी ही मांडणी. कौशल्यविकासाच्या भाषणांत ती ऐकू येते, समरसतेच्या व्याख्यानमालांत येते, आणि आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनाही ती अधूनमधून पटू लागते. गंमत अशी की ही तुलना करणारे लोक गिल्ड प्रत्यक्षात कसे चालत होते, हे कधीच सांगत नाहीत. म्हणून आम्ही या लेखात एकच वस्तू हातात घेतली आहे: इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हाताने बनणारा, सांबरशिंगाच्या किंवा लाकडाच्या मुठीचा, मिटणारा चाकू. तो निवडण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच्या मुठीचे शिंग कित्येक वर्षे आपल्याच देशातल्या जंगलातून जात होते.

शेफील्डच्या चाकूचा उल्लेख चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात येतो, इतका हा धंदा जुना. डोंगरातून उतरणाऱ्या पाच नद्या, त्यांच्यावर फिरणारी पाणचक्कीची चाके, आणि धार लावायला जवळच मिळणारा वालुकाश्म, एवढ्या भांडवलावर हे गाव उभे राहिले. चाकूत मोजकेच भाग असतात. पाते, पाठीमागची स्प्रिंग, दोन्ही बाजूंना पितळेच्या पातळ पट्ट्या, टोकाला धातूची टोपी, आणि वरून बसवलेले मुठीचे दोन तुकडे. पण ते बसवण्यात सगळी करामत आहे. पाते ऐरणीवर घडवायचे, नखाने उघडता यावे म्हणून त्यावर खाच पाडायची, लालबुंद तापवून विझवायचे. आपला लोहार याला ‘पाणी देणे’ म्हणतो. नुसते पाणी दिले तर पाते काचेसारखे तडकते, म्हणून पुन्हा मंद तापवून वाळल्या गवतासारखा पिवळट रंग आला की थांबायचे. थर्मामीटर नाही, डोळा हेच माप. मग चाकावर घासणे. आणि शेवटी जुळारी हे सगळे एकत्र आणतो. पाते उघडताना आणि मिटताना स्प्रिंग पाठीशी अगदी सपाट बसली पाहिजे, बोटाला खाच लागता कामा नये. तिथले कारागीर चांगल्या चाकूबद्दल म्हणतात की तो चालतो आणि बोलतो. चालतो म्हणजे सांध्यात अडखळत नाही, बोलतो म्हणजे मिटताना खट्ट असा आवाज करतो.

लाकडाची मूठ त्या मानाने सोपी. रोजवूड किंवा एबनीची पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची मिळते, करवतीने कापली, भोके पाडली, खिळे ठोकले की काम झाले. माळी, खलाशी, शेतकरी यांचे चाकू बहुधा लाकडाचेच. शिंगाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे शिंग हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण गाई-म्हशीचे शिंग आणि सांबराचे शिंग या दोन वस्तू आहेत. म्हशीचे शिंग म्हणजे नखाच्या जातीचे पोकळ टोपण, ते जन्मभर राहते. सांबराचे शिंग हे हाड असते, फक्त नराला येते, दर वर्षी गळते आणि पुन्हा उगवते. सांबराचे शिंग इतर हरणांच्या मानाने आतून भरीव, म्हणून मुठीला उत्तम. (आपल्या आज्या सांबरशिंग सहाणेवर उगाळून दुखऱ्या जागी लेप लावत, ते हेच.) कारागीर शिंग उभे कापतो, आतली बाजू कानशीने सपाट करतो आणि बाहेरची खडबडीत तपकिरी साल तशीच ठेवतो. एका मुठीच्या दोन बाजू जोडीच्या दिसल्या पाहिजेत, त्यासाठी ढिगातून शोधाशोध. कमानीने फिरवायच्या सामत्याने भोक पाडताना जळक्या हाडाचा वास येतो. खिळ्यावर हातोडीचा एक ठोका जास्त पडला की शिंग चिरते आणि सगळी मेहनत वाया. दोन शिंगे कधी सारखी नसतात, म्हणून हे काम यंत्राला नीट जमलेच नाही. स्वस्त मालासाठी मग जनावराच्या नळीच्या हाडावर खाचा कोरून, रंग देऊन त्याला सांबरशिंगाचे रूप देऊ लागले.

आता हे शिंग यायचे कुठून? इंग्लंडात हरणे आहेत, पण शेफील्डच्या मागणीला ती पुरणारी नव्हती. भारतातून सांबराची आणि चितळाची गळलेली शिंगे पोत्यांनी जहाजावर चढत. म्हशीची शिंगेही जात. ही गळलेली शिंगे जंगलात फिरून वेचणारा माणूस कोण, हे त्या चाकूच्या कुठल्याही इतिहासात ठळकपणे येत नाही. जंगलात वावरणारा आदिवासी आणि गुराखी यांच्याखेरीज ते कोण वेचणार? १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनोपजाच्या व्याख्येत कातडी, सुळे, शिंगे, हाडे, मध, मेण हे सगळे घातले. म्हणजे जंगलात गळून पडलेले शिंगसुद्धा सरकारच्या परवानगीखाली आले, आणि वेचणारा आपल्याच रानात चोर ठरू शकत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि पुढे निर्यातबंदीनंतर हा व्यापार कायदेशीररीत्या थांबला. सांबर वाचावे याबद्दल आमचा वाद नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जो मालकीहक्क दिला, त्याच्या व्याख्येतही शिंग नाही. ज्याने ते पिढ्यान्‌पिढ्या वेचले त्याचे नाव ना चाकूवर आले, ना कायद्यात.

शिंग आणि हाड म्हटले की आंबेडकरी माणसाला दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ती सांगितली आहे. मेलेली ढोरे ओढू नका, असे त्यांनी महारांना सांगितले तेव्हा ‘केसरी’तून हिशेब मांडला गेला. गावात वर्षाला इतकी जनावरे मरतात, त्यांची कातडी, शिंगे, खुरे, हाडे यांचे मिळून पाचशे रुपये होतात, आणि डॉ. आंबेडकर आपल्याच गरीब लोकांचे हे उत्पन्न बुडवत आहेत. संगमनेरला हाच प्रश्न समोर आला तेव्हा बाबासाहेबांचे उत्तर असे होते की, हे काम तुम्ही करा, हा फायदा तुम्ही घ्या, आणि वर माझ्याकडून आणखी पाचशे रुपये घेऊन जा. पाचशे रुपयांचा हिशेब करणाऱ्यांना शिंगाची किंमत पक्की ठाऊक होती. फक्त ते शिंग ओढायला त्यांचा हात तयार नव्हता.

म्हशीचे शिंग, बैलाचे हाड इथे ज्याच्या हातात जाई त्याची सावलीही नको होती. बोटीतून ते शेफील्डला पोचले की तिथे ते कापणारा, चिरणारा, रंगवणारा माणूस हा एका मान्य धंद्याचा कारागीर ठरे. हाड तेच. मग विटाळ हाडात होता की डोक्यात?

हाच मिटणारा चाकू आपल्या गावगाड्यात बनवायचा झाला असता तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. पाते लोहाराकडे, लाकडाची मूठ सुताराकडे, पितळेची पट्टी तांबटाकडे, शिंग आणायचे महाराने. चार माणसे, चार जाती, चार वस्त्या, आणि त्यांच्यात ना रोटी ना बेटी. यातला एक तर गावकुसाबाहेरचा. शेफील्डमध्येही पाते घडवणारा, घासणारा आणि जुळवणारा असे तीन वेगवेगळे धंदे होते, आपापल्या धंद्याचा गर्वही भरपूर होता. पण संध्याकाळी ते एकाच गुत्त्यात बसत, एकमेकांच्या घरी सोयरीक करत आणि मेल्यावर एकाच दफनभूमीत जात. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंहारा’च्या त्या न झालेल्या भाषणात मांडले. ते समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

आता खुद्द गिल्ड. १६२४ मध्ये इंग्लंडच्या संसदेच्या कायद्याने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ स्थापन झाली. किमान सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय धंदा करता येत नसे, प्रत्येक कारागिराच्या मालावर त्याचे नोंदवलेले चिन्ह असे, निकृष्ट माल जप्त होई. ही संस्था गोरगरिबांची कैवारी होती असे आम्ही म्हणणार नाही. सभासदांच्या मुलांना सवलती होत्या, बायकांना जवळपास दार बंद होते, आणि पुढे पुढे मोठ्या मालकांनी ती खिशात घातली. पण दुसऱ्या धंद्यातल्या बापाचा मुलगा उमेदवार म्हणून येऊ शकत होता. सात वर्षांनी तो कटलर होई. जन्माने कटलर असणे ही अट नव्हती. आणि १८१४ मध्ये संसदेने आणखी एक कायदा केला, त्यानुसार उमेदवारी केलेली असो वा नसो, कोणालाही हा धंदा करण्याची मुभा मिळाली. एका कायद्याने गिल्डची मक्तेदारी संपली. आपल्याकडे १९५० मध्ये संविधान लागू झाले, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम १९ ने कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले. तरी गटारात उतरणाऱ्या माणसाची जात पाहा. जात आणि गिल्ड एकच असते, तर दोन्हींना एकाच औषधाने गुण आला असता.

शेफील्डला जगात नाव मिळवून देणारे पोलाद कोणी काढले, तेही पाहण्यासारखे आहे. बेंजामिन हंट्समन हा माणूस कटलर नव्हता, लोहारही नव्हता. तो घड्याळजी होता. घड्याळाच्या स्प्रिंगा चांगल्या मिळेनात म्हणून १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत त्याने बसवली. एका धंद्यातला माणूस दुसऱ्या धंद्यात नाक खुपसतो तेव्हाच असे शोध लागतात. आणि गंमत बघा, मुशीतले पोलाद आपल्याकडे दक्षिणेत त्याआधी कित्येक शतके बनत होते, तेच ‘वूट्झ’. १७९० च्या दशकात मुंबईतला कंपनीचा डॉक्टर हेलेनस स्कॉट याने त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट नावाच्या कटलरने त्याचा छोटा चाकू बनवून पाहिला, आणि पुढे हाच स्टोडार्ट मायकेल फॅरडेबरोबर पोलादावर प्रयोग करत बसला. फॅरडे कोण? लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. स्कॉटचे नाव राहिले, स्टोडार्टचे राहिले, फॅरडेचे तर आहेच. वूट्झ गाळणाऱ्याचे नाव कुठे आहे? वसाहतीच्या राज्याने हे धंदे बुडवले, हे खरेच आहे. पण त्याआधीच्या शेकडो वर्षांत ज्या हाताला पोलाद कळत होते त्या हाताला लेखणी मिळू दिली नाही, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी भट्टीचा धूर अंगावर घेतला नाही. तो दोष इंग्रजांच्या खात्यावर टाकता येणार नाही.

याचा अर्थ शेफील्ड म्हणजे कारागिरांचा स्वर्ग होता असे मुळीच नाही. पाते घासणारा लाकडी बैठकीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून चाकावर ओणवा बसे. चाकातून उडणारी दगडाची आणि लोखंडाची धूळ थेट छातीत. डॉ. आर्नल्ड नाइट यांनी १८३० च्या सुमारास या ‘घासणाऱ्यांच्या दम्या’बद्दल लिहिले. त्यांचे आकडे पुढे एंगल्सने आपल्या १८४५ च्या पुस्तकात घेतले: कोरड्या चाकावर काम करणाऱ्याचे आयुष्य सरासरी जेमतेम ३५ वर्षे, ओल्या चाकावरच्याचे क्वचित ४५ च्या पुढे. धूळ अडवण्याची साधने निघाली, तेव्हा कामगारांतल्याच काहींनी त्यांना विरोध केला. माणसे मरायची थांबली तर हात वाढतील आणि मजुरी पडेल, ही भीती. हे वाचून हसू येत असेल तर थांबावे. मंदसौरच्या पाटीपेन्सिलीच्या कारखान्यांत आणि खंभातच्या अकीक घासणाऱ्या घरांत याच धुळीने माणसे मेली आहेत, आणि तिथेही पोटाचा हिशेब छातीच्या हिशेबापुढे गेला. आणि नाव? चाकूवर ठसा कंपनीचा. जोसेफ रॉजर्सचे तारा आणि माल्टीज क्रूस हे १७६४ चे चिन्ह वसाहतींच्या बाजारात उत्तम मालाची खूण म्हणून चालले. त्या कंपनीने १८२२ मध्ये १८२२ पात्यांचा एक चाकू प्रदर्शनासाठी बनवला. ती पाती घासणाऱ्यांची नावे आपल्याला कोण सांगणार?

शोषण तिथेही होते, मग फरक कुठे? आम्हाला वाटते, फरक त्यांनी त्याविरुद्ध काय केले आणि काय करू शकले, यात आहे. १७८७ च्या सुमारास जोनाथन वॉटकिन्सन हा मास्टर कटलर डझनाला तेरा चाकू मागू लागला, पैसे मात्र बाराचेच. जोसेफ मॅथर नावाच्या कानस कापणाऱ्या मजुराने त्यावर गाणे रचले. आपल्याकडच्या शाहिरांसारखाच हा माणूस, गल्लीत उभा राहून म्हणायचा. ते गाणे इतके पसरले की मालकाला लोकांत फिरणे मुश्कील झाले. १७८९ मध्ये शेफील्डच्या ७६९ कारागिरांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेकडे अर्ज केला. आफ्रिकेच्या व्यापारात त्यांचाच माल जात होता, बंदी आली तर त्यांचेच नुकसान होते, तरी केला. दोन वर्षांनी तिथल्या कारागिरांनी राजकीय सुधारणेसाठी मंडळ काढले आणि टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ची स्वस्त आवृत्ती वाटली. तेच पुस्तक अर्ध्या शतकानंतर पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडले. शेफील्डचे चाकूवाले आणि आमचे तात्यासाहेब एकाच पुस्तकाचे वाचक, हे नाते आम्हाला मोलाचे वाटते. दुसरी बाजूही सांगून टाकू. पुढच्या शतकात याच शहराने अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गिऱ्हाइकांसाठी गुलामी संपवू पाहणाऱ्यांच्या मृत्यूची घोषणा कोरलेले चाकूही विकले. कारागीर आपोआप पुरोगामी नसतो. त्याला ऐकायला मॅथर लागतो आणि वाचायला पेन लागतो.

आज शेफील्डमध्ये हाताने मिटणारे चाकू बनवणारे मोजकेच उरले आहेत. ब्रिटनमधल्या लुप्त होत चाललेल्या हस्तकलांच्या यादीत हे काम आहे. १९२६ साली जन्मलेला स्टॅन शॉ वयाच्या १४ व्या वर्षी चाकूच्या कारखान्यात लागला आणि नव्वदी ओलांडल्यावरही बाकावर बसत होता. २०१७ मध्ये त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले, २०२१ मध्ये तो गेला. त्याच्या चाकूंसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. तिथे ही कला मरते आहे याचे दुःख करणे आम्हाला समजू शकते, कारण कटलरचा मुलगा कटलर झाला नाही तर तो मास्तर झाला, खलाशी झाला, खासदार झाला. त्याला कोणी अडवले नाही, आणि एखाद्या मास्तराच्या मुलीला उद्या चाकू बनवावासा वाटला तर तिलाही कोणी अडवणार नाही.

आपल्याकडे परंपरागत कला जपा असे म्हणणारा माणूस स्वतःच्या मुलाला भात्यापाशी बसवत नाही. घिसाडी बाईने उन्हात घण मारायचा, तिच्या पोराने विळे-कोयते डोक्यावर घेऊन पालापालाने फिरायचे, आणि शहरातल्या प्रदर्शनात त्याच विळ्याला ‘वारसा’ म्हणायचे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली होती. पेरियार आणि त्यांच्या लोकांनी तिला कुलकल्वी, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव देऊन ती हाणून पाडली. १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली: १८ धंदे, १५ हजारांचा हत्यारांचा संच, सवलतीचे कर्ज. त्यात जातीची अट नाही, हे आम्ही मान्य करतो. कर्जाने कोणा लोहाराची भट्टी सुधारली तर आनंदच आहे. पण कुटुंबाच्या परंपरेने चालत आलेला धंदा, ही भाषा त्यात आहेच, आणि नाव विश्वकर्म्याचे. तामिळनाडू सरकारने याच मुद्द्यावर २०२४ मध्ये ती आहे त्या रूपात राबवायला नकार दिला आणि कुटुंबाच्या धंद्याची अट नसलेली स्वतःची योजना काढली.

महाराष्ट्रात या योजनेखाली चर्मकारीच्या संचासाठी अर्ज करणाऱ्यांत चर्मकार नसलेले किती, आणि सोनारकामासाठी अर्ज करणाऱ्यांत महार, मांग, घिसाडी किती, हे आम्ही माहिती अधिकारात विचारणार आहोत. ज्या वाचकांना आपापल्या जिल्ह्यात असा अर्ज करायचा असेल त्यांनी कळवावे, मसुदा तयार आहे.